पालथा श्वास

लहानपणी आम्ही पालथे झोपलेले दिसलो की घरातली म्हातारी माणसं दटावून उताणं करायची. तान्हं बाळ पालथं पडलं की मात्र घरभर कौतुक! मोठ्या माणसाच्या पालथं पडण्याकडे सगळ्यांनी डोळे लावून बसावं, अशी वेळ २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आली.

आपल्या गोवेकरांचं बेळगावशी नातं जुनं. भाजीचा ट्रक चोर्ला घाट उतरतो आणि मोठ्या दुखण्याचा माणूस तोच घाट चढून बेळगावच्या इस्पितळात जातो. कोरोनाने अशा वाटा अडवल्या. निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटी-पीसीआरचा दाखला मागत. भाषा एक, सोयरीक एक, पण मध्ये नाका! बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीत कोरोनाने गेले. त्यांच्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ रोजी मतदान झालं, तेव्हा दुसरी लाट चढत होती. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य खात्याने घरी असलेल्या रुग्णांना सांगितलं: ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर पालथे झोपा. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवल्यावर तासभर नको, गरोदर बाईने नको.

खाट मिळत नव्हती, सिलिंडर मिळत नव्हता. उशा तेवढ्या घरात होत्या.

पण हा उपाय कोरोनातला नव्हे. फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या या विकाराचं वर्णन १९६७ साली अमेरिकेत १२ रुग्णांवरून झालं. १९७६ साली पील आणि ब्राउन यांनी अशा पाच रुग्णांना पालथं केल्यावर रक्तातला ऑक्सिजन वाढल्याचं नोंदवलं. कारण समजायला सोपं आहे. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताण्या माणसात हृदयाचा आणि पोटाचा भार त्यावर येतो, तिथले वायुकोश मिटतात आणि रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. पालथं केलं की पाठीकडचा भाग उघडतो. इटलीचे गॅटिनोनी म्हणत, की या रुग्णाचं चालू राहिलेलं फुप्फुस लहान मुलाच्या फुप्फुसाएवढंच उरतं. बाळाच्या पालथं पडण्याची आठवण इथे येतेच.

तरीही कित्येक वर्षं हे ज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावरचं पाणी ठरलं. २००१ सालच्या मोठ्या चाचणीत रुग्णांना दिवसाला सातेक तास पालथं ठेवलं. जीव वाचल्याचं दिसलं नाही. मग २०१३ साली फ्रान्सच्या गेरँ यांनी ४६६ अत्यवस्थ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. या वेळी निदान सोळा तास पालथं ठेवलं होतं. २८ दिवसांत उताण्यांपैकी ३२.८ टक्के दगावले, पालथ्यांपैकी १६ टक्के. औषध तेच, यंत्र तेच, फक्त कूस बदललेली!

शुद्धीवर असलेल्या, व्हेंटिलेटर न लावलेल्या रुग्णांचा हिशेब वेगळा. २०२१ साली सहा देशांतल्या अकराशेहून अधिक कोरोना रुग्णांवरच्या चाचण्यांत व्हेंटिलेटरची गरज कमी झाली, पण मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे दिसलं नाही. म्हणजे घरातली उशी इस्पितळाची जागा घेत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वर्षानुवर्षं धूळ गिळलेल्या बाईला हे कोणी तरी स्वच्छ सांगायला हवं.

आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण काही स्वतः कूस बदलत नाही. एक जण डोक्याशी नळी धरून, दोघं-तिघं दोन्ही बाजूंना, आणि आकडा मोजताच सगळ्यांनी एकदम. नळी निसटली तर जीवच जायचा. नंतर डोळे जपायचे, गालाला जखम होऊ द्यायची नाही आणि सोळा तासांनी पुन्हा सारं उलट करायचं. पीपीई किटमध्ये घामाने निथळत परिचारिकांनी, वॉर्डबॉयनी, डॉक्टरांनी हे केलं. बेळगावसारख्या गावात तो आकडा मराठीत मोजला की कन्नडात, याने फुप्फुसाला फरक पडत नाही. हात मात्र एकाच वेळी उचलले जावे लागतात.