विरजणातील जिवाणूंची जनुकीय ओळख

बेळगाव-निपाणी भागात आंबवलेले पदार्थ काही नवे नाहीत. दही, ताक, इडली, आंबोळी आणि उन्हाळ्यात जोंधळ्याची किंवा नाचणीची आंबील हे आपल्या घरचेच. अलीकडे दुकानांत 'प्रोबायोटिक' असे छापलेले दही, पेये आणि कॅप्सूलही मिळतात. घरच्या दह्यापेक्षा त्यांत वेगळे काय, हे कळायला जिवाणूंची ओळख कशी पटवतात ते पाहावे लागते.

पूर्वीची पद्धत

पूर्वी सूक्ष्मदर्शकातून आकार पाहून आणि जिवाणू कोणती साखर आंबवतो हे तपासून त्याला नाव देत. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने दह्यातील जिवाणू शोधला, तेव्हा हीच साधने होती. मात्र दिसायला आणि वागायला सारखे असलेले जिवाणू त्यातून वेगळे करणे कठीण जाई.

जनुकीय चाचणी

प्रयोगशाळेत दह्याचा अंश खाद्य घातलेल्या बशीत वाढवतात. तिथे उगवलेल्या एका ठिपक्यातून डीएनए काढतात. त्यातील '१६एस' नावाच्या जनुकाच्या असंख्य प्रती पीसीआर यंत्रात तयार करून त्याची अक्षरे वाचतात. साधारण १,५०० अक्षरांचे हे जनुक प्रत्येक जिवाणूत असते. त्याचे काही भाग सर्वांत जवळपास सारखे, तर काही भाग जातीनुसार बदलतात. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेवरून सजीवांची नवी वर्गवारी मांडली. वाचलेली अक्षरे संगणकातील नोंदींशी ताडून नाव ठरते.

नावाचे तीन भाग

जिवाणूच्या पूर्ण नावात प्रजाती, जाती आणि वाण असे तीन भाग असतात. बँकेच्या भाषेत पहिले दोन म्हणजे आडनाव आणि नाव, तर वाण म्हणजे खाते क्रमांक. एका नावाचे अनेक खातेदार असतात, व्यवहार मात्र क्रमांकावरच होतो. इथेही तसेच आहे. 'लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' या वाणाचा अभ्यासात दिसलेला गुण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला आपोआप लागू होत नाही.

१६एस चाचणी बहुधा जातीपर्यंतच पोहोचते, आणि काही जवळच्या जातींत तर तेवढेही जमत नाही. वाण ठरवायला संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके त्यात आहेत का, हेही त्यातून कळते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वाणापर्यंत ओळख पटवण्यावर भर आहे. असे वाण जतन करणारे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आपल्याजवळच, पुण्यात आहे.

चाचणी काय सांगत नाही

डीएनए मेलेल्या जिवाणूतही काही काळ टिकतो. ताकाची कढी उकळली की जिवाणू मरतात, तरी चाचणीत त्यांचे नाव येऊ शकते. इडली वाफवल्यावरही तेच होते. म्हणून जिवंत जिवाणू वेगळे मोजावे लागतात. शिवाय नाव कळले म्हणजे गुण सिद्ध झाला असे नाही. त्यासाठी माणसांवर रीतसर अभ्यास लागतो.

पाकीट घेताना

• वाणापर्यंत पूर्ण नाव छापले आहे का ते पाहावे.
• जिवंत जिवाणूंची संख्या, मुदत आणि साठवणुकीची सूचना वाचावी.
• २०२० मध्ये 'लॅक्टोबॅसिलस' प्रजातीची २५ प्रजातींत विभागणी झाली. त्यामुळे एकाच जिवाणूचे जुने किंवा नवे नाव आढळू शकते.
• अगदी अशक्त रुग्ण, अपुऱ्या दिवसांची बाळे आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना अशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

घरच्या दह्यात जिवंत जिवाणू असतातच, पण प्रत्येक घरच्या विरजणात ते वेगळे असू शकतात. त्यावर 'प्रोबायोटिक' शिक्का बसत नाही, म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. रोजच्या आहारात त्याचे स्थान आहेच. औषधाची अपेक्षा मात्र नाव, संख्या आणि पुरावा पाहूनच करावी.