मतपेटीआधी इतिहास हिसकावला जातो : डु बॉइस यांचे काम

दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले, हे चळवळीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पण त्याच्या कितीतरी आधी लोकशाहीची लढाई अभ्यासाच्या जोरावर लढलेले डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस आपल्या अभ्यासवर्गात क्वचितच येतात. बाबासाहेबांना मात्र ते ठाऊक होते. १९४६ साली त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठी तोच मार्ग धरण्याचा विचार होता. ३१ जुलैच्या उत्तरात डु बॉइस यांनी अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल सहानुभूती कळवली.

हा माणूस नेमके काय करत होता? त्यासाठी १८६५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेत गुलामगिरी घटनेने संपली, १८६८ ला नागरिकत्व आणि १८७० ला मताचा हक्क आला. कालचे गुलाम दक्षिणेतल्या विधिमंडळांत बसले. मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स १८७० मध्ये थेट सिनेटमध्ये पोहोचले. या सरकारांनी दक्षिणेत सरकारी शाळांची व्यवस्था उभी केली, आणि तिचा फायदा गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. १८७७ मध्ये केंद्राने तिथल्या सरकारांच्या पाठीशी उभे असलेले सैन्य काढून घेतले. मग बंदूक, दहशत आणि शेवटी कायदा. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेने मतदानासाठी कर लावला आणि घटनेचे कलम वाचून किंवा समजावून दाखवण्याची अट घातली. ‘समजले’ की नाही हे ठरवणार गोरा कारकून!

पण हक्क काढून घेतले की त्याला कारणही द्यावे लागते. ते इतिहासकारांनी पुरवले. कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी लिहून ठेवले की अडाणी काळ्यांच्या हाती सत्ता देणे हीच चूक होती. (बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात याच विद्यापीठात शिकत होते, हे लक्षात घ्या.) कौन्सिलात जाऊन शेतकऱ्यांनी काय नांगर धरायचा, असे अथणीच्या सभेत विचारणारे टिळक आणि हे प्राध्यापक यांच्यात फरक तो किती? दोघांची भाषा लायकीचीच.

हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय असलेले डु बॉइस डिसेंबर १९०९ मध्ये इतिहासकारांच्याच परिषदेत उभे राहिले आणि त्या काळाचे फायदे मांडले : लोकशाही सरकार, मोफत शाळा, नवे सामाजिक कायदे. निबंध १९१० मध्ये छापला गेला, पण ‘नीग्रो’ शब्दाचे पहिले अक्षर मोठे छापण्याची त्यांची विनंती संपादकाने नाकारली. एवढ्याशा अक्षराचाही मान द्यायचा नव्हता.

१९३५ मध्ये त्यांनी सातशेहून अधिक पानांचा ग्रंथच काढला, ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’. युद्धात मळे सोडून गेलेल्या गुलामांना त्यांनी पळपुटे म्हटले नाही, संपकरी कामगार म्हटले. गरीब गोरा मजूर काळ्यासोबत का उभा राहिला नाही, याचेही उत्तर दिले : पगार तुटपुंजा असला तरी गोरेपणाचा मान त्याला वरकमाईसारखा मिळत होता. बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमता ज्याने वाचली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी हवा असतो! शेवटच्या प्रकरणात तर त्यांनी शाळेची क्रमिक पुस्तके उघडून त्यातला खोटेपणा दाखवला. आपल्या पुस्तकांत महाडचा सत्याग्रह किती ओळींत उरकला आहे, हे एकदा मोजून पाहा.

किंमतही मोजावी लागली. १९५१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, शांतता चळवळीतल्या कामाबद्दल परकीय हस्तक म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यातून ते सुटले, तरी पासपोर्ट १९५८ पर्यंत अडवून ठेवला. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातल्या अक्रा इथे ते गेले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चात त्यांच्या निधनाची घोषणा झाली. मताच्या हक्काला पुन्हा बळ देणारा कायदा १९६५ मध्ये आला. आणि १९८८ मध्ये डनिंग यांच्याच कोलंबियातले प्राध्यापक एरिक फोनर यांनी त्या काळाचा नवा इतिहास लिहिला, तो डु बॉइस यांनी घातलेल्या पायावर.