दाढेचा धाक

वरची दाढ काढायची ठरली, की घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस बजावतं : "वरची नको काढूस, डोळ्यावर येईल." शिकल्यासवरल्या घरांतही हे ऐकू येतं आणि दवाखान्यातला तरुण डॉक्टर ते ऐकून मनातल्या मनात हसतो. त्याने हसण्याआधी सुश्रुतसंहितेचं चिकित्सास्थान चाळायला हरकत नाही. मुखरोगांच्या उपचारांत तिथे स्पष्ट ताकीद आहे : वरचा दात हलत असला, तरी वैद्याने तो उपटू नये. अतिरक्तस्राव होतो, माणूस काणा होतो, त्याचं तोंड वाकडं होतं.

दात काढल्याने डोळा जात नाही, हे खरंच. पण ही ताकीद कुणी हवेतून काढली असेल, असंही वाटत नाही. वरच्या दातांच्या मुळाशी पू झाला, तर जंतू चेहऱ्याच्या शिरांतून डोळ्यामागे, मेंदूलगत असलेल्या रक्ताच्या पोकळीपर्यंत पोहोचू शकतात. डोळा सुजून बाहेर येतो. आज प्रतिजैविकं असल्यामुळे हा प्रकार क्वचितच बघायला मिळतो. ती येण्याआधी असा रोगी सहसा वाचत नसे. बघणाऱ्यांना काय दिसलं असेल? परवा दात उपटला, आज डोळा गेला. संसर्ग आधीपासूनच होता, हे कुणाला कळणार? दोष उपटणाऱ्या हाताला लागला आणि पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिला.

दातांच्या भीतीचा इतिहास असा आहे. या भीतीला भित्रेपणा म्हणण्याची आपल्याला सवय आहे, पण ती बहुतेक काळ अगदी रास्त होती.

दाताच्या दुखण्याचं कारण शोधतानाही माणसाने प्राणीच कल्पिला. दात आतून कुणीतरी पोखरतं आहे, ही संवेदना इतकी नेमकी असते की किडा सुचणं साहजिक होतं. बाबिलोनियाच्या मातीच्या पाटीवर या किड्याची उत्पत्तिकथाच कोरलेली आहे. देव त्याला फळं खायला देतात, तर तो ती नाकारून दात आणि हिरडी यांच्यामधली जागा मागून घेतो. सुश्रुताकडे तो कृमिदंत या रोगाच्या रूपात आहे. उपायही दूरदूरच्या देशांत सारखेच निघाले. पहिल्या शतकातल्या रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने खुरासानी ओव्याच्या बियांचा धूर तोंडात घ्यायला सांगितलं. आपल्याकडे तेच काम काटेरिंगणीच्या बियांनी केलं. निखाऱ्यावर बिया, त्यावर नळी, धूर दाढेपाशी, आणि थोड्या वेळाने रोग्यापुढे बारीक पांढरे 'किडे'. बी तापून फुटलं, की त्यातला वाकडा कोंब बाहेर पडतो; तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. फसवणूक करणाऱ्यांना ही गोष्ट माहीत होती, पण धूर देणाऱ्या कितीतरी जणांना स्वतःलाही तो किडाच वाटत असणार. पॅरिसच्या पियेर फोशार याने १७२८ मध्ये दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्याने सूक्ष्मदर्शक लावून किडा शोधला होता. त्याला तो सापडला नाही.

फोशारची दुसरी एक सूचना किड्याहून महत्त्वाची मानायला हवी. त्याने रोग्याला खुर्चीत बसवायला सांगितलं. तोवर दात काढणारा रोग्याला जमिनीवर बसवी आणि त्याचं डोकं आपल्या गुडघ्यांमध्ये आवळून धरी. पकडीचा जोर, गुडघ्यांचा जोर आणि वर बघ्यांची गर्दी. त्याच पॅरिसमध्ये पाँ-नफ पुलावर 'ल ग्राँ तोमा', म्हणजे थोरला तोमा, नावाचा धिप्पाड दातकाढ्या आपली गाडी लावून बसे. दाढ हट्टी निघाली तर तो रोग्याला गुडघ्यांवर बसवून दाढेसकट तीनदा वर उचलतो, असं लोक कौतुकाने सांगत. १७२९ मध्ये राजपुत्राच्या जन्माच्या आनंदात त्याने काही दिवस दात फुकट काढले. युरोपातल्या बाजारांत असे दातकाढे वाजंत्री सोबत ठेवत. गर्दी जमवायला ती उपयोगी पडे आणि किंकाळी झाकायलाही.

आपल्या बाजारांत वाजंत्री नव्हती, पण मांडणी होती. फूटपाथवर चादर, चादरीवर काढलेल्या दातांचा ढीग, दोनचार कवळ्या, एक पकड. ढीग जितका मोठा तितका दातवाला अनुभवी. गिऱ्हाइकाला तो ढीग बघून धीर येई की पाय मागे फिरत, हे ज्याच्या त्याच्या दाढेवर अवलंबून.

आता भूल. शस्त्रक्रियेत रोग्याला बेशुद्ध करण्याचं श्रेय मोठमोठ्या सर्जनांना मिळालं असतं तर नवल नव्हतं. ते मिळालं दोन दंतवैद्यांना, आणि त्यामागे धंद्याचं साधं गणित होतं. हात किंवा पाय कापायची वेळ आलेल्या माणसापुढे मरण उभं असे. तो वेदना सोसायला तयार होई. दात दुखणाऱ्या माणसाला मात्र पर्याय असतो. तो उद्या येतो म्हणतो. दंतवैद्याचं पोट या 'उद्या'वर मार खाई.

अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्सने १० डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी गार्डनर कोल्टनचा नायट्रस ऑक्साइडचा खेळ पाहिला. तिकीट काढून लोक हा 'हसवणारा वायू' हुंगत आणि प्रेक्षकांपुढे नाचत-बागडत. त्यातल्या एकाचा पाय बाकावर आपटून चांगला सोलवटला, तरी त्याला पत्ता नव्हता. वेल्स डोकेबाज होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावून वायू घेतला आणि जॉन रिग्ज या सहव्यवसायी मित्राकडून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखलं नाही. पुढच्याच महिन्यात तो बोस्टनला प्रात्यक्षिक द्यायला उभा राहिला. वायू कमी पडला, रोगी ओरडला आणि विद्यार्थ्यांनी 'थोतांड' म्हणून त्याची हुर्यो उडवली. वेल्स त्यातून सावरला नाही. पुढे तो क्लोरोफॉर्मच्या नादी लागला, त्या धुंदीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्त्रियांवर आम्ल फेकल्याबद्दल पकडला गेला आणि जानेवारी १८४८ मध्ये, ३३ वर्षांचा असताना, त्याने तुरुंगात जीव दिला.

बाजी मारली त्याचा जुना शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन याने. मॉर्टन कवळ्या बसवी. चांगली कवळी बसवायची तर तुटक्या दातांची सगळी मुळं आधी काढावी लागत, आणि तेवढं ऐकताच गिऱ्हाईक उठून जाई. त्यामुळे तो ईथरकडे वळला. ३० सप्टेंबर १८४६ ला ईबेन फ्रॉस्ट नावाचा संगीतशिक्षक दाढ धरून त्याच्याकडे आला. फ्रॉस्ट इतका घाबरलेला होता की मला संमोहित करा, असं त्यानेच सुचवलं. मॉर्टनने संमोहनाऐवजी रुमालावर ईथर ओतलं. दाढ निघाली. दोन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जॉन वॉरेन या सर्जनने मॉर्टनच्या ईथरखाली रोग्याच्या मानेवरची गाठ कापली आणि शस्त्रक्रियेचं जग पालटलं. त्या दिवसाची चित्रं, पुतळे, स्मारकं झाली. फ्रॉस्टच्या घाबरण्याचं स्मारक नाही. खरं तर ते व्हायला हवं होतं.

बेशुद्ध करणं मात्र दातांच्या रोजच्या कामाला जड जाई. नुसता जबडा बधिर व्हावा, ही गरज १८८४ मध्ये कोकेनने भागवली. व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने ते डोळ्यात वापरलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेडने खालच्या जबड्याची नस त्याने बधिर केली. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड कोकेनचा गुलाम झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्नने प्रोकेन बनवलं. व्यसन न लावणारी पहिली चांगली भूल तीच. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने लिडोकेन तयार केलं आणि १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने विकलं जाऊ लागलं. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या दवाखान्यातही ओठ जड होतो तो त्याच्यामुळे किंवा त्याच्या नातलगांमुळे.

कोरण्याच्या यंत्राचाही वेग याच काळात वाढला. जेम्स मॉरिसनच्या १८७१ च्या यंत्राला शिवणयंत्रासारखं पायटं होतं. हवेवर फिरणारं एअरोटर १९५७ मध्ये आलं, मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेणारं. थरथर गेली, वेळ वाचला. त्याची शीळ मात्र प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्यांपर्यंत पोहोचू लागली.

भारतात हे सगळं असमान पोहोचलं. मुंबईत नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज १९३३ मध्ये निघालं. त्याआधी, १९२० मध्ये, रफीउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय सुरू केलं होतं. १९४८ चा दंतवैद्यक कायदा आला तेव्हा पदवीवाले थोडे होते. कायद्याने मग दोन याद्या केल्या : अ विभागात पदवीधर, ब विभागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं हाच व्यवसाय करून पोट भरणारे. मुंबई-कोलकात्याच्या गल्ल्यांत पाट्या लावून बसलेले चिनी दातवाले आणि घराण्याने हे काम शिकलेले कितीक जण त्या काळातले. बधिर न करता दाढ ओढून घेतलेल्या आजोबांनी नातवाला ती कहाणी सांगितली नसती, तरच आश्चर्य. वेदना गेली तरी भीती अशी कहाणीच्या वाटेने पुढच्या पिढीत पोहोचते. पुढे ती वासाच्या वाटेनेही आली. दवाखान्यातला तो ओळखीचा उग्र वास लवंगेतल्या युजेनॉलचा. फ्रान्समधल्या संशोधकांनी हा वास लोकांना हुंगायला दिला, तेव्हा दातांच्या डॉक्टरला न घाबरणाऱ्यांना तो छान वाटला. घाबरणाऱ्यांना त्याचाच त्रास झाला. मसालेभातात तीच लवंग कुणाला टोचत नाही.

भीतीची शास्त्रीय मोजणी सुरू झाली १९६९ मध्ये. नॉर्मन कोरा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चार प्रश्नांची छोटी पट्टी बनवली, त्यांतले तीन असे : उद्या डॉक्टरकडे जायचंय, कसं वाटतं? बाहेर बसल्यावर? खुर्चीत, यंत्र तयार होत असताना? चार प्रश्नांत एक गोष्ट राहून गेली होती, इंजेक्शन. १९९५ मध्ये जेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी पाचवा प्रश्न त्याचा घातला. वेदना घालवायला आलेली सुईच तोवर भीतीच्या यादीत जाऊन बसली होती. शिवाय भुलीच्या औषधात बहुधा थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, औषध जागच्या जागी टिकावं म्हणून. ते रक्तात गेलं की छाती काही क्षण धडधडते. घाबरट माणूस ती धडधड आपल्या घाबरण्याची समजतो आणि आणखी घाबरतो. हे आधी सांगितलं तर अर्धं काम होतं. घाईच्या दवाखान्यात ते सांगायचं राहून जातं.

दुसरं दुष्टचक्र याहून क्रूर आहे. भीतीने माणूस लांबणीवर टाकतो. दाढ आत सुजते, सुजलेल्या भागात आम्लता वाढते आणि त्या आम्लतेत भुलीचं औषध नसेत नीट शिरत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त घाबरणाऱ्यालाच भूल सगळ्यात कमी चढण्याचा धोका. 'मला इंजेक्शन लागूच होत नाही' असं सांगणाऱ्याला खोटं पाडू नये. त्याच्या बाबतीत ते खरं असू शकतं.

यावर मुलांच्या दंतवैद्यांनी १९५९ च्या सुमारास एक रीत बसवली होती : आधी सांगा, मग दाखवा, मगच करा. आरसा मुलाच्या हातात द्या, यंत्र त्याच्या नखावर फिरवून दाखवा, मग तोंडाकडे वळा. मोठ्यांना तिची तितकीच गरज असते, याकडे दुर्लक्ष झालं. हात वर केला की डॉक्टर थांबणार, एवढा करार झाला तरी पुष्कळ जणांचा श्वास मोकळा होतो. गुडघ्यांमध्ये डोकं आवळण्याच्या काळापासून माणसाला खुपत आलंय ते नुसतं दुखणं नाही, आपल्या हातात काहीच नसणंही आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१५ मध्ये १३० घाबरट रोग्यांचा अहवाल छापला. मानसशास्त्रज्ञांनी सरासरी पाच बैठकांत त्यांची भीती तपासली : नेमकं काय होईल असं वाटतं, मागे खरंच काय झालं होतं, थोडंथोडं करून बघितलं तर काय होतं. त्यांपैकी ७९ टक्के लोकांनी नंतर गुंगीचं औषध न घेता दातांचे उपचार करून घेतले.