'वऱ्हाड' नावाची फाइल कुठे गेली?

मागच्या दिवाळीत आजीच्या आवाजातल्या गोष्टी मी एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर हलवत होतो. छोटीशी शेल स्क्रिप्ट लिहिली: यादीत ज्या फाइलचं नाव नाही, ती उडव. यादी मी हाताने टाइप केलेली. सगळ्या फाइली राहिल्या, 'वऱ्हाड' तेवढी गेली. यादीत नाव होतं की! चूक माझीच, बॅकअप न घेता आरएम चालवला. पण कारण शोधत शोधत मी थेट १९९२ मध्ये पोचलो.

म्हणजे बघा, युनिक्सच्या कर्नलला अक्षर कळतच नाही. त्याच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे बाइट्सची माळ. दोनच बाइट चालत नाहीत: फोल्डर वेगळे करणारा स्लॅश, आणि 'नाव संपलं' सांगणारा शून्य बाइट. आस्कीच्या १२८ चिन्हांत हे निभावलं. मग १९९१ मध्ये युनिकोड आलं, देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून. पण तेव्हा एका अक्षराला दोन बाइट असा हिशोब होता, आणि साध्या इंग्रजी 'ए'मध्येही एक बाइट शून्य! कर्नल तिथेच थांबणार. यूटीएफ-१ नावाची दुसरी पद्धत होती, तिच्यात अक्षराच्या पोटात स्लॅशचा बाइट येऊ शकायचा. म्हणजे एका नावाचे दोन फोल्डर.

म्हणून एक्स/ओपन या गटाला नवी पद्धत हवी होती. मसुद्याचं नावच होतं 'फाइल सिस्टिम सेफ यूटीएफ'. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसनने न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, रॉब पाइकच्या समोर, टेबलावरच्या कागदी मॅटवर त्याहून चांगली रचना मांडली. आस्कीबाहेरच्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा. त्यामुळे स्लॅश नाही, शून्य नाही. काही दिवसांतच त्यांची प्लॅन ९ ही सिस्टिम त्यावर चालू लागली. हेच आपलं यूटीएफ-८. मला हे फार आवडलं: आज सगळं वेब ज्यावर चालतं, ते मुळात फाइलच्या नावांची काळजी करताना जन्मलं.

देवनागरीला यात अक्षरामागे तीन बाइट पडतात. गिट 'अ' ऐवजी ३४०, २४४, २०५ असे आकडे दाखवतं ना, ते हेच, ऑक्टलमध्ये. कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की अक्षरं दिसतात.

आता माझी फाइल. कर्नल सुरक्षित झाला, पण 'तेच अक्षर' म्हणजे काय, हे यूटीएफ-८ ठरवत नाही. मराठीतला 'ऱ' युनिकोडमध्ये एकसंध लिहिता येतो, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत. दोन्ही वैध. १९९८ मध्ये आलेली ॲपलची एचएफएस प्लस नावं तोडून साठवायची. लिनक्स तुम्ही द्याल ते बाइट जसेच्या तसे ठेवतं. म्हणून 'वऱ्हाड' एकीकडे १८ बाइट, दुसरीकडे २१. त्यात काही कीबोर्ड 'र्'नंतर न दिसणारा जॉइनर घालतात, तो तिसरा प्रकार, आणि तो नॉर्मलायझेशननेही जुळत नाही!

नाव ओडीमधून काढून बघा, फरक लगेच दिसतो. मी ते फाइल गेल्यावर केलं. आजीने गोष्ट परत सांगितली, पण यावेळी वरातीतला बैल पळालाच नाही. विचारलं तर म्हणाली, "कुठला बैल?"