कोपर ते माळशेज: शनिवार-रविवारी सायकलवरून सह्याद्री कसा ओलांडायचा?

कोपर स्टेशनवर खालून कल्याणच्या लोकल धावतात आणि वरून दिवा-वसई मार्गाच्या गाड्या जातात. याच कोपरमधून पहाटे सायकल काढली, तर त्याच दिवशी सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचता येतं. युरोपातले सायकलस्वार सुट्टीला आल्प्समधले घाट चढायला जातात. डोंबिवली-कल्याणकरांचं आल्प्स म्हणजे माळशेज घाट!

अर्थात, उंचीची तुलना होत नाही. इटलीतल्या स्टेल्व्हियो खिंडीतला रस्ता २,७५७ मीटरवर जातो आणि त्याच्या एकाच बाजूला ४८ अवघड वळणं आहेत. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, तर माळशेजचा माथा साधारण ७०० मीटरवर. पण शरीराची आणि ब्रेकची परीक्षा दोन्हीकडे सारखीच असते.

रस्ता कसा आहे?

कोपरहून डोंबिवली पूर्व, पत्रीपूल, कल्याण आणि शहाड असं गेलं की मुरबाड रस्ता लागतो. हाच कल्याण-अहिल्यानगर राष्ट्रीय महामार्ग ६१. म्हारळ, कांबा, रायते, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावं ओलांडली की सावर्णेनंतर घाट सुरू होतो. कल्याणपासून घाटमाथा सुमारे ८५ ते ९० किलोमीटर आहे, म्हणजे कोपरपासून जाऊन-येऊन १९० किलोमीटरच्या आसपास. शनिवारी चढून माथ्यावर मुक्काम आणि रविवारी उतरून घरी, हे गणित सरावलेल्या सायकलस्वाराला जमतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. इथे ती अडचण नाही.

ही वाट नवी नाही. सातवाहन काळात कल्याण बंदरातला माल जुन्नरच्या बाजारपेठेत जायचा तो याच परिसरातल्या नाणेघाटातून. वैशाखऱ्याजवळून आजही नाणेघाटाची पायवाट वर जाते. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. सायकलला मात्र माळशेजचाच रस्ता.

चढताना काय होतं?

सायकलस्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन ५०० मीटर वर न्यायला सुमारे १०० किलोकॅलरी इतकं काम करावं लागतं. पण शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवतं. बाकीची उष्णता होते. म्हणजे फक्त चढासाठी ४०० ते ५०० किलोकॅलरी हव्यात, आणि त्याआधीचे ७०-८० किलोमीटर वेगळेच.

म्हणून भूक लागण्याची वाट पाहायची नसते. दर अर्ध्या-पाऊण तासाला केळं, चिक्की, खजूर असं काहीतरी पोटात जायला हवं. नुसतं पाणी पुरत नाही. घामातून मीठही जातं, त्यामुळे लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत असावं. चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. ऐन चढावर जोर देऊन गिअर बदलला तर साखळी उतरू शकते. बोलता येईल इतपत दम राहील, असा वेग ठेवावा.

खरा धोका उतारावर

चढताना चूक झाली तर माणूस थांबतो. उतरताना झाली तर थांबता येत नाही. रिमवर दाबणारे ब्रेक सतत धरून ठेवले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. त्यामुळे दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि नजर वळण संपतं तिथे. समोरून ट्रक किंवा एसटी येणार, हे गृहीत धरूनच आपली बाजू सोडायची नाही. घाटात एक छोटा बोगदाही आहे. पुढचा-मागचा दिवा दिवसाही लावावा.

कधी जावं, कधी नाही?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. माळशेज पावसाळ्यात सर्वात देखणा दिसतो, पण दरडी कोसळतात त्याही तेव्हाच. दाट धुक्यात सायकल दिसत नाही, ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, आणि पुरात रायत्याजवळ उल्हास नदीचं पाणी रस्ता अडवू शकतं. धबधब्यांच्या परिसरात प्रशासन बंदीचे आदेशही काढतं. एप्रिल-मे महिन्यांत रविवारी दुपारी मुरबाडचं ऊन परतीच्या वाटेवर गाठतं, म्हणून उतरायला पहाटेच निघावं.

आधी काय तपासावं?

ब्रेकचे रबर आणि केबल, टायरवरच्या भेगा, दोन जादा ट्यूब, हवेचा पंप, पंक्चरचं सामान आणि हेल्मेट. त्याआधी एकदा मुरबाडपर्यंत जाऊन परत येऊन पाहावं. साधारण ७५ किलोमीटरच्या त्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसावंसं वाटलं, तर माळशेज आवाक्यात आहे. नाही वाटलं, तर घाट कुठे पळून जात नाही.