कुत्र्याच्या मुखातील यीस्ट कवके : अभिज्ञानाचा इतिहास

कुत्र्याच्या तोंडातील श्लेष्मकलेवर जीवाणूंच्या जोडीने यीस्ट ही मुकुलनाने वाढणारी एककोशिक कवकेही आढळतात. कँडिडा व मॅलॅसेझिया या त्यांतील महत्त्वाच्या प्रजाती होत. निरोगी कुत्र्यातही ती असतात. ती सापडली म्हणजे रोग झाला, असे मानणे चूक आहे.

अभ्यासाचा प्रारंभ मानवी मुखातून झाला. तोंडात पांढरे चट्टे आणणाऱ्या थ्रश या विकारातील कवक लांगेनबेक यांनी १८३९ मध्ये पाहिले व रोबँ यांनी १८५३ मध्ये त्याला ओइडियम आल्बिकान्स हे नाव दिले. पुढे एकाच यीस्टला शंभराहून अधिक नावे मिळाली. क्रिस्टीन बेर्कहाउट यांनी १९२३ मध्ये कँडिडा ही प्रजाती स्थापून या गोंधळास काहीसा आळा घातला. कुत्र्यात विपुल असणारे मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस मात्र प्रथम एका भारतीय गेंड्याच्या त्वचेवर सापडले (वाइडमन, १९२५). जातिनामातील ‘जाड कातडीचा’ हा अर्थ त्यावरून आला.

दीर्घकाळ अभिज्ञानाचा आधार शर्करांचे किण्वन व कोशिकांचे रूप हाच होता. रक्तरसात ३७° से. तापमानास दोन-तीन तासांत अंकुरनलिका फुटली, की ते यीस्ट कँडिडा आल्बिकान्स समजले जाई. १९९५ मध्ये वर्णन झालेल्या कँडिडा डब्लिनिएन्सिसलाही तशीच नलिका फुटते, हे दिसताच ही कसोटी एकटी अपुरी ठरली. कर्ट्‌झमन व रॉबनेट यांनी १९९८ मध्ये रिबोसोमी जनुकातील सुमारे ६०० न्यूक्लिओटाइडांचा क्रम सुमारे ५०० जातींमध्ये तुलनेसाठी वापरला आणि जातिनिश्चितीस भक्कम पाया मिळाला.

जाती ठरली तरी वाण ठरत नाही. संसर्ग कोठून आला हे कळण्यास वाणच ओळखावा लागतो. अमेरिकेतील एका नवजात अतिदक्षता कक्षातील १५ अर्भकांत मॅ. पॅकिडर्मॅटिस आढळले. त्या वाणांचे डीएनए-खंडांचे आकृतिबंध आरोग्यसेवकांच्या तीन पाळीव कुत्र्यांकडील वाणांशी तंतोतंत जुळले (१९९८). यीस्ट बहुधा सेवकांच्या हातांवरून कक्षात शिरले असावे. संवर्धावरील नुसत्या जातिनामाने हा धागा हाती लागला नसता. कँ. आल्बिकान्ससाठी सात जनुकांच्या अनुक्रमांवर आधारलेली पद्धती २००३ पासून रूढ झाली. तीनुसार मानव व प्राणी यांच्याकडील वाण पूर्णपणे वेगळे पडत नाहीत. त्यामुळे केवळ साम्यावरून संक्रमणाची दिशा सांगता येत नाही.

जपानमध्ये मानवी कर्णनलिकेतून २००९ मध्ये वर्णिलेले, अनेक कवकनाशकांना दाद न देणारे कँडिडा ऑरिस २०२३ मध्ये दिल्लीच्या संशोधकांना आजारी कुत्र्यांच्या कानांत आढळले.