लोखंडाची उतरण

डोंगराचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. तट, बुरूज, चोरदरवाजा, एखादी गाजलेली लढाई. वेल्स देशातही अशा किल्ल्यांना तोटा नाही. परंतु ज्या डोंगराविषयी मी आज लिहायला बसलो आहे, त्याची सारी कीर्ती ओझी वाहण्याची आहे. शंभर माणसांनी आणि घोड्यांनी जे काम करावे ते या एका डोंगराच्या अंगावरून, त्याच्या पोटातून आणि त्याच्या पायथ्याच्या पाण्यावरून होत असे.

डोंगराचे नाव ब्लॉरेंज. दक्षिण वेल्समध्ये अ‍ॅबरगेव्हनी नावाचे बाजाराचे गाव आहे. त्याच्यासमोर, उस्क नदीच्या दक्षिण तीरावर हा डोंगर उभा आहे. उंची सुमारे १८०० फूट. इंग्रजीत ‘ऑरेंज’ या शब्दाला यमक सापडत नाही, अशी त्या भाषेतल्या कवींची जुनी तक्रार आहे. तिला आमचा डोंगर तेवढा उत्तर देतो, असे तिकडची माणसे मिस्किलपणे सांगतात.

माझा भाचा कार्डिफला नोकरीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो असताना एका शनिवारी तो म्हणाला, “मामा, शहर पुष्कळ पाहिलेत. आज तुम्हांला एक फेरी घडवतो. कालव्याच्या काठाने जायचे, डोंगर चढायचा, वरून वळसा घालायचा आणि पुन्हा कालव्याशी यायचे. फार अवघड नाही.” बसून शिकवणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांना ‘फार अवघड नाही’ या शब्दांचा अर्थ निराळा लागतो, पण तो भाग सोडून देऊ.

गोव्हिलन गावाच्या धक्क्यापासून आम्ही चालू लागलो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला खाली उस्कचे खोरे, आणि मध्ये हा कालवा. रुंदीने बेताचा, पाणी जवळजवळ हलत नाही; वरून बीच वृक्षांच्या कोवळ्या पानांचे छत. लांबट रंगीत होड्या माणसाच्या चालीने जात होत्या. त्यांच्यावर कुंड्या, सायकली, वाळत घातलेले टॉवेल. कुटुंबेच्या कुटुंबे सुट्टी घालवायला आलेली.

हा कालवा १७९७ पासून १८१२ पर्यंत खणला गेला. ब्रेकनपासून निघून तो पाँटिमॉइल येथे दुसऱ्या एका कालव्याला मिळतो, आणि तिथून पूर्वी माल न्यूपोर्टच्या बंदराला जाई. थॉमस डॅडफोर्ड या इंजिनियराने डोंगराच्या उतारावर एकाच पातळीची रेघ धरून तो फिरवला आहे. डोंगर आत वळला की कालवा आत वळतो, डोंगर पुढे आला की कालवा पुढे येतो. त्यामुळे या भागात मैलोन्‌मैल पाणी चढवण्या-उतरवण्याचे एकही दार लागत नाही. त्यात हिशेब होता. जो घोडा त्या काळच्या खडबडीत रस्त्यावरून टनभर ओझे ओढताना घामाघूम होई, तोच घोडा काठावरून चालत वीस-पंचवीस टनांची होडी ओढून नेई. आगगाडीच्या आधीचे हे मालगाडीचे युग होते. पुढे आगगाडी आली, होड्या बंद पडल्या, कालव्यात गाळ आणि गवत माजले. १९७० साली तो पुन्हा खुला झाला, आणि आज त्याच्यावर फक्त हौस तरंगते.

दीड-दोन मैलांवर लॅनफोइस्टचा धक्का लागतो. वेल्श भाषेत ‘लॅन’ म्हणजे देवळाची जागा. या ‘ल’चा उच्चार जीभ टाळूला लावून कडेने वारा सोडीत करायचा असतो. भाच्याने तो मला तीनदा शिकवला आणि नंतर नाद सोडला. खाली गावात जे चर्च आहे, तिथून वर येणारी वाट कालव्याच्या खालून, एका दगडी बोगद्यातून येते. डोक्यावर पाणी आणि पाण्यावर होड्या! त्या चर्चच्या आवारात क्रॉशे बेली नावाचा लोखंडाचा धनी १८७२ पासून विसावला आहे. नँटिग्लो येथे या बेली घराण्याने १८१६ च्या सुमारास स्वतःच्याच कामगारांच्या भीतीने जाड भिंतींचे दोन गोल बुरूज बांधले होते. म्हणजे किल्ला इथेही होताच म्हणायचा. शत्रू मात्र पगारपत्रकावरचा होता.

धक्क्याला लागूनच डोंगरावर एक सरळ, अरुंद पट्टा चढत जातो. आमची वाट तीच. पहिल्या शंभर पावलांतच माझ्या ध्यानात आले की ही वाट पायी चालणाऱ्यासाठी कोणी काढलेली नाही. पायी चालणारा नागमोडी जातो. ही वाट दोरीने ओढल्यासारखी सरळ जाते, आणि ती खरोखर दोरीचीच वाट होती.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ब्लेनाव्हन हे गाव आहे. तिथे १७८९ साली थॉमस हिल, थॉमस हॉपकिन्स आणि बेंजामिन प्रॅट या तिघा भागीदारांनी वाफेच्या बळावर चालणाऱ्या तीन झोतभट्ट्या पेटवल्या. लोखंडाचा दगड, दगडी कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही सामग्री तिथल्या डोंगरांत हाताशी होती. तयार झालेला माल कालव्यावर आणायचा तर मध्ये ब्लॉरेंज आडवा. तेव्हा १८१७ नंतरच्या चार-पाच वर्षांत हिल घराण्याने डोंगराच्या कुशीवरून घोड्यांची रुळवाट काढली आणि शेवटच्या कड्यावर या उतरणी बांधल्या. युक्ती विहिरीवरच्या दोन घागरींची. वर एक मोठे चाक, त्याच्यावरून साखळी. भरलेले डबे एका बाजूने खाली येताना आपल्या वजनाने दुसऱ्या बाजूचे रिकामे डबे वर खेचून घेत. ना घोडा, ना वाफ. लोखंडाला फक्त ब्रेक लावून धरायचे. अशा तीन उतरणी एकाखाली एक आहेत. मी दर वीस पावलांवर थांबत होतो आणि निळ्या घंटाफुलांकडे पाहत असल्याचा बहाणा करीत होतो.

जंगल संपून उघड्या कुशीवर आलो, तेव्हा वाट एकदम सपाट झाली आणि भाचा म्हणाला, “किती शांत आहे नाही, मामा?”

खरोखरच शांत होते. मेंढ्या, वारा, आणि कुठेतरी चंडोल. खाली कालव्याची रेघ, पलीकडे शुगर लोफचे शिखर. परंतु पायांखाली पाहिले तर वाटेत ठराविक अंतरावर चौकोनी दगड बसवलेले दिसत होते, आणि काहींच्या मधोमध भोके. रुळांचे खिळे ज्यांत ठोकले ते हे दगड. रूळ केव्हाच उचलून नेले, दगड मागे राहिले. त्या शांततेचा अर्थ मला तिथे लागू लागला. ही मुळातली शांतता नव्हे. हा कारखाना सुटल्यानंतरचा शुकशुकाट आहे. फक्त सुटून दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला आणि मध्ये गवत उगवले, म्हणून त्याला आपण निसर्ग म्हणतो.

पुढे गार्न देरिस येते. हजार फुटांहून अधिक उंचीवर, वाऱ्याच्या तोंडी, १८१७ च्या सुमारास इथे लोखंडाचा कारखाना घातला होता. भट्टीतून निघते ते बीड. ते ठिसूळ असते. ते पुन्हा वितळवून, लांब सळईने तासन्‌तास ढवळीत राहिले म्हणजे त्यातला दोष जळून घडीव लोखंड होते. हे ढवळण्याचे काम करणारा माणूस आगीच्या तोंडाशी उभा राहून भाजून निघे, आणि पाठीला डोंगरावरचा गारठा. आज तिथे भिंतींचे अवशेष, कोरडी तळी आणि काळ्या कीटाचा एक भला मोठा ओबडधोबड ढेकूळ उरला आहे. एखाद्या शिल्पकाराने रागाच्या भरात अर्धवट टाकलेली मूर्ती वाटावी असा.

अलेक्झांडर कॉर्डेल या कादंबरीकाराने या वस्तीवर १९५९ साली कादंबरी लिहिली आणि ती जगभर खपली. गंमत अशी की हा गृहस्थ जन्मला सिंहलद्वीपात, कोलंबोला. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो म्हणून मला त्याचा हेवा वाटला. त्या कीटाच्या ढेकळाकडे पाहून कुटुंबेच्या कुटुंबे डोळ्यांपुढे उभी करायची, हे सोपे काम नव्हे.

कारखान्यासाठी खणलेला एक तलाव आणखी वर आहे. लोक त्याला ‘कीपर्स पाँड’ म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा मुले त्यात पोहत होती. जवळच पुल्ल-डी, म्हणजे ‘काळा खड्डा’ ही जागा. इथून ब्लेनाव्हनच्या बाजूला सुमारे दीड मैल लांबीचा बोगदा डोंगराच्या पोटातून खणला होता. घोड्यांनी ओढायच्या रुळांवरचा इतका लांब बोगदा ब्रिटनमध्ये दुसरा नव्हता. त्या काळोखातून घोडा आणि त्याच्या लगामाशी चालणारा पोरगा किती खेपा करीत असतील!

पोरगा हा शब्द मी सहज लिहिला नाही. १८४२ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे खाणींतल्या बालकामगारांविषयी एक अहवाल आला. दक्षिण वेल्सच्या खाणींत पाच-सहा वर्षांची मुले दिवसभर अंधारात बसून हवेची दारे उघडझाक करीत असल्याचे त्यात नोंदलेले आहे. डबा आला की दार उघडायचे, गेला की लावायचे. त्याच वर्षी कायदा झाला आणि बायका, मुली व १० वर्षांखालचे मुलगे यांना जमिनीखाली कामाला लावण्याची बंदी आली. जमिनीवरच्या कामाला मात्र तो कायदा लागू नव्हता.

आणि याच ब्लेनाव्हनमध्ये, अहवालाच्या २६ वर्षे आधी, एक शाळा निघाली होती. भागीदार हॉपकिन्सच्या घरातला सॅम्युअल हॉपकिन्स १८१५ साली वारला. त्याची बहीण सारा हिने भावाच्या स्मरणार्थ १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी ती बांधली. वेल्समधल्या कारखान्यांच्या अगदी जुन्या शाळांपैकी ही एक. इमारत अजून उभी आहे. भाऊबिजेच्या दिवसांत हा मजकूर वाचणाऱ्या भगिनींना साराबाईंची ओवाळणी आवडेल. परंतु मी शिक्षक; माझे मन पटावर जाते. शाळा १८१६ ची आणि गार्न देरिस १८१७ चे. एकाच घराच्या, एकाच पैशाच्या दोन वास्तू, दोघींनाही तीच मुले हवी होती. सकाळी हजेरी घेताना एखादे नाव पुकारावे आणि “तो कामावर गेला, गुरुजी” असे उत्तर यावे, हा अनुभव आजही ज्या शिक्षकांना येतो, त्यांना ब्लेनाव्हनच्या त्या मास्तराचे मन समजावून सांगायला नको. साराबाईंचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण शाळेपेक्षा घरच्या चुलीची घंटा मोठ्याने वाजते.

१८६० च्या सुमारास गार्न देरिसचे काम बंद पडून दरीपलीकडच्या नव्या कारखान्यात गेले. आगगाड्या आल्या होत्या. डोंगर ओलांडायची गरज उरली नाही. आणि मग ब्लेनाव्हनने आपल्या हाताने आपली मिरास जगाला वाटून टाकली. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातला एक कारकून. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तो रसायनशास्त्र शिकला. त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट ब्लेनाव्हनच्या कारखान्यात रसायनज्ञ होता. दोघांनी तिथे प्रयोग करून १८७८ च्या सुमारास, फॉस्फरस असलेल्या लोखंडाच्या दगडापासूनही उत्तम पोलाद करण्याची रीत शोधली. भट्टीला आतून चुन्याच्या जातीचा लेप द्यायचा, तो फॉस्फरस ओढून घेतो. जर्मनी आणि अमेरिका यांच्याकडे असा दगड मुबलक होता. त्यांची भरभराट झाली. टॉमस बिचारा १८८५ साली चौतिसाव्या वर्षी वारला. ब्लेनाव्हन मागे पडत गेले. तिथली ‘बिग पिट’ ही कोळशाची खाण १९८० साली बंद झाली, आणि २००० साली सारा परिसर जागतिक वारसा ठरला.

या गोष्टीचे शेवटचे पान आपल्या मुंबईपर्यंत येते. २००७ साली टाटा स्टीलने कोरस ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर वेल्सच्या किनाऱ्यावरचा पोर्ट टॅलबटचा कारखाना आला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथली शेवटची झोतभट्टी विझली. तिच्या जागी विजेची भट्टी आणायचे ठरले, पण हजारांवर माणसांची कामे गेली. गिलख्रिस्ट आणि टॉमस यांच्या मुलुखात आता दगडापासून लोखंड होत नाही.

माथ्याजवळ फॉक्सहंटर नावाच्या घोड्याची समाधी आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हॅरी लेवेलिनने याच घोड्यावर बसून ब्रिटनच्या संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या खेळांतले ब्रिटनचे ते एकुलते एक. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवले ते हेच ऑलिंपिक. लोक तिथे थांबतात, छायाचित्रे काढतात, मीही काढले. घोड्याचे नाव दगडावर आहे हे उत्तमच. एवढेच वाटले, की बोगद्यात ओझी ओढलेल्या घोड्यांतल्या एखाद्याचे नाव कोणी लिहून ठेवायला हवे होते. आणि त्याच्यापुढे कंदील घेऊन चालणाऱ्या पोराचेही.

उतरताना भाच्याला मी ते भोके पाडलेले दगड पुन्हा दाखवले आणि त्यांची हकिकत सांगितली. तो एका दगडापाशी वाकला आणि भोकात बोट घालून पाहू लागला. भोक पावसाच्या पाण्याने भरलेले होते. “मामा, पुढच्या वेळी सोनूलाही घेऊन येऊ,” तो म्हणाला. सोनू त्याची मुलगी, यंदा सहा वर्षांची होईल.